विमानाने येणाऱ्या पाहुण्या

मूर्तिजापूर हे जंक्शन आहे, एवढी माहिती रेल्वेच्या वेळापत्रकाला पुरते. परंतु मुंबई-नागपूर मार्गाच्या रुंद रुळांपलीकडे, एकीकडे यवतमाळकडे व दुसरीकडे अचलपूरकडे जाणारे जे अडीच फूट रुंदीचे रूळ आज निरुपयोगी होऊन पडले आहेत, त्यांची हकीकत ठाऊक असल्यावाचून या कसब्याचे खरे महत्त्व ध्यानी येत नाही. किलिक निक्सन या विलायती कंपनीच्या व्यवस्थेखाली वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी सुरू झालेली सुमारे १९० किलोमीटरची ही ‘शकुंतला’, मँचेस्टर येथे १९२१ साली तयार झालेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत रमतगमत धावत होती. अचलपूर हे मेळघाटचे दार. त्या दारातून डोंगरात शिरणाऱ्यांत मामलेदार, जंगलखात्याचे अंमलदार व लाकडाचे ठेकेदार जसे होते, तसेच मिशनरीही होते. कोरकू लोकांमध्ये काम करणाऱ्या मिशनमधील जॉन ड्रेक यांनी १९०३ साली कोरकू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते त्या प्रदेशात मुक्काम ठोकल्यावाचून लिहून होण्यासारखे नव्हतेच.

व्याकरण लिहिणाऱ्याचे नाव ग्रंथावर राहते. परंतु पाड्यापाड्यांतून हिंडून, चुलीपाशी बसून, चार बायांना जमवून प्रार्थना म्हणणाऱ्या ज्या ‘बायबल-बाया’ प्रत्येक मिशनच्या पदरी असत, त्यांची नोंद दप्तरात बहुधा पगाराच्या रकान्यापुरतीच होई. दमणीतून, बैलबंडीतून आणि पुष्कळदा पायीच त्यांचा दौरा चाले. या स्त्रियांतील सर्वांत विलक्षण तुकड्या केडगावच्या मुक्तिसदनातून निघाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतात जाऊन ज्या निराधार मुली व विधवा केडगावी आणल्या, त्यांच्यासारख्याच मुलींनी १९०५ च्या धार्मिक जागृतीनंतर प्रार्थनेची पथके करून आसपासची गावे गाठली. ज्यांच्याकडे कोणी जावे अशी ज्यांची स्थिती होती, त्याच आता दुसऱ्यांकडे जाऊ लागल्या. या घटनेचे मोल मला पुष्कळ वाटते, आणि पुढे जी हकीकत सांगावयाची आहे, ती याच दृष्टीने वाचावी अशी विनंती आहे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकास आर्नहेम लँड नावाचा मुलूख आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अकरा जिल्ह्यांच्या आपल्या विदर्भाएवढे. मात्र विदर्भात २०११ च्या खानेसुमारीत २ कोटी ३० लाख माणसे मोजली गेली, आणि तेथील सर्व वस्ती आपल्या एखाद्या लहानशा तालुक्यालाही पुरी पडणार नाही. पूर्व भागातील योल्ङू लोक हे तेथील मूळ रहिवासी. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पावसाने मातीचे रस्ते बुडतात, माल समुद्रमार्गे सपाट बुडाच्या बोटींतून येतो, आणि माणसांना एकच वाट उरते: लहान विमान. मेथडिस्ट मिशनने या किनाऱ्यावर १९१६ साली गोलबर्न बेटावर, १९२३ साली मिलिंगिंबी येथे, १९३५ साली यिरकाला येथे आणि १९४२ साली एल्को बेटावर ठाणी वसविली. हॅरल्ड शेफर्डसन या मिशनऱ्याने १९३० च्या दशकात स्वतःच्या हातांनी जुळवलेले विमान तेथील आकाशात उडवले, आणि पुढे कित्येक वर्षे जंगलातील एकेका कुटुंबाच्या वस्तीपर्यंत तो पीठ, तंबाखू, औषध व प्रार्थना एकाच फेरीत पोहोचवीत असे. लोक त्याला ‘बापा शेपी’ म्हणत.

आज हे काम मुख्यतः ‘मिशन एव्हिएशन फेलोशिप’ या संस्थेची विमाने करतात. या संस्थेच्या अमेरिकन शाखेचे पहिले उड्डाण १९४६ साली बेटी ग्रीन या स्त्री-वैमानिकानेच केले होते, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. विमान म्हणजे वैमानिकासह आठ जणांचे, एका इंजिनाचे. त्यात बसण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला आपल्या पिशवीसह वजनकाट्यावर उभे राहावे लागते, कारण इंधन, माणसे व सामान यांची बेरीज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तर आखूड धावपट्टीवरून विमान उचलत नाही. तेव्हा प्रार्थनासभेसाठी शहरातून आलेल्या चर्चच्या स्त्री-मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचे वजनही चारचौघींत मोठ्याने वाचले जाते आणि वैमानिकाच्या कागदावर चढते. गीतपुस्तकांची पेटी न्यावी की केकचा डबा, हा वाद तेथेच निकालात निघतो. उतरण्यापूर्वी वैमानिकाने धावपट्टीवरून एक खालची फेरी मारून कुत्री-गुरे दूर झाली आहेत ना हे पाहावयाचे, असा रिवाज आहे; ती फेरी हीच गावाला पाहुण्या आल्याची वर्दी.

पाहुण्यांची ही प्रार्थनासभा झाडाखाली भरते. त्या किनाऱ्यावर चिंचेची जुनी झाडे आहेत, हे वाचून वऱ्हाडी वाचकास नवल वाटेल. युरोपियन लोकांच्या आधी मकासर बंदरातून समुद्रकाकड्या पकडण्यास येणाऱ्या खलाशांनी ती चिंच तेथे आणली. चटयांवर पोरेबाळे घेऊन बाया बसतात, वडीलधारी स्त्री सुरुवात करते, गाणी आधी योल्ङू भाषेत होतात व मग इंग्रजीत, आणि प्रार्थनेत मूत्रपिंडाच्या विकाराने डायलिसिससाठी घरदार सोडून डार्विन शहरी राहावे लागलेल्या नातलगांची नावे येतात. पाहुणीने भाषण तयार करून आणले असेल तरी त्याची पाळी शेवटी. पुष्कळदा ती पाळी येतच नाही. गावात मृत्यू झाला असेल तर सारा कार्यक्रमच रद्द, कारण तेथील अंत्यविधी कित्येक दिवस, प्रसंगी काही आठवडे चालतात आणि सोयऱ्यांना आणण्यासाठी तीच विमाने लागतात. अशा वेळी पाहुणीने शोकघरी जाऊन गप्प बसावे. महिनाभर आधी केलेल्या तजविजीचे काय झाले, असे जी विचारते तिला या कामाचे मर्म कळलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढ्या खर्चात आठ-दहा बायांची प्रार्थनासभा, हा हिशेब कोणी काढील. तो काढणाऱ्याने हेही मांडावे की रुग्ण, शिक्षक व टपाल हीच विमाने वाहतात. पाहुण्यांचा फेरा हा त्या वाहतुकीतील लहानसा वाटा आहे. मला अधिक टोचतो तो हिशेब निराळा आहे. १९६३ साली यिरकालाच्या वडीलधाऱ्यांनी आपल्या दोन्ही गोत्रसमूहांच्या, म्हणजे धुवा व यिरिट्जा यांच्या, पवित्र कथा दोन उंच फलकांवर रंगवून ते चर्चमध्ये वेदीच्या दोन्ही अंगांना उभे केले. त्याच वर्षी आपली जमीन बॉक्साइटच्या खाणीस दिली जाऊ नये म्हणून झाडाच्या सालीवर चिकटवलेला अर्ज त्यांनी थेट संसदेकडे रवाना केला. अर्जाला न्याय मिळाला नाही, आणि १९७० च्या दशकात ते फलकही चर्चबाहेर काढून टाकण्यात आले. पुढे ते परत मिळवून जतन केले गेले ही गोष्ट वेगळी. पाहुणा घरच्या माणसाला त्याच्याच घरात उपरा करून ठेवतो, तो असा.

१९७७ साली मेथडिस्ट व इतर पंथ मिळून ‘युनायटिंग चर्च’ स्थापन झाले, आणि मिशनची हुकमत ओसरली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७९ साली, एल्को बेटावरील गालिविन्कू या गावी, जिनियिनी गोंडारा हे योल्ङू पाळक असताना, रोज रात्री गाण्याच्या व प्रार्थनेच्या सभा होऊ लागल्या. त्या कोणा गोऱ्या उपदेशकाने भरवलेल्या नव्हत्या. १९८१ च्या सुमारास तेथील मंडळी स्वतः प्रवासास निघाली आणि दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील वॉर्बर्टन येथे, भाषा निराळी, समुद्र कधी न पाहिलेला, अशा दुसऱ्या मूळ रहिवाशांकडे जाऊन पोहोचली.