‘गेलो होतो’चे इंग्रजी काय?

आमच्या रिसोडात शेजारच्या पोराने रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिला. ‘आय हॅड फीवर. आय हॅड गॉन टू वाशीम यस्टर्डे.’ बाईंनी पहिले वाक्य सोडले, ‘हॅड गॉन’वर मात्र लाल रेघ ओढली. पोरगा हिरमुसून आईला म्हणाला, “मला ताप होता, याला हॅड चालतं. मग गेलो होतो, याला का नाही?” आईपाशी उत्तर नव्हते. पुष्कळ पदवीधरांपाशीही नसते!

प्रश्न रास्तच आहे. तापाच्या वाक्यातले ‘हॅड’ हे ‘हॅव’चे, म्हणजे जवळ असण्याचे, साधे भूतकाळी रूप. ‘हॅड गॉन’मधले हॅड दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला आलेले. दिसायला जुळे भाऊ, कामे निराळी.

मराठीत ‘काल वाशीमला गेलो होतो’ म्हटले, की जाऊन परत आलो हे त्यात आपोआप येते. नुसते ‘वाशीमला गेलो’ म्हटले, तर ऐकणारा ‘मग?’ म्हणून पुढची हकीगत विचारतो. इंग्रजी ‘हॅड गॉन’ला ही सोय नाही. त्याला गतकाळातलीच दुसरी घटना सोबतीला लागते. तिच्याही आधीचे ते सांगते. तशी घटना नसेल, तर ‘आय वेन्ट’ पुरे.

आम्हाला शाळेत ‘बिफोर-आफ्टर दिसले की हॅड घाला’ असे घोकवले होते. मार्क मिळाले, उमज पडली नाही. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी रिसोड अकोला जिल्ह्यात होते, याला साधे ‘वॉज’ चालते. ‘बिफोर’नेच क्रम सांगितला की!

हॅडची खरी किंमत कळते एस.टी. स्टँडवर. समजा, परीक्षेला उशिरा पोचलेला मुलगा सांगतो, ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट.’ म्हणजे हा पोचला आणि गाडी हलली. साहजिकच सर विचारणार, “मग हात का नाही केलास?” तोच ‘द बस हॅड लेफ्ट’ म्हणाला, तर हा येण्याआधीच गाडी गेलेली. बिचाऱ्याचा सारा बचाव त्या एका हॅडवर उभा.

हे ऐकून पोराने अर्ज पुन्हा लिहिला. ‘हॅड फीवर’ तसेच ठेवले, पुढे ‘वेन्ट’ केले. मग हळूच विचारले, “काका, पण बाई येण्याआधीच मी घरी गेलो होतो, तर?”

“तर हॅड घाल,” म्हटले, “आणि छडीची तयारी ठेव.”