डसेलडॉर्फचं पत्र : मिक्सरच्या आधी कान

भजनात पखवाज वाजवणारा, लग्नसराईत मिक्सरवर बसणारा श्रीगोंद्यातला एक मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. संगीतरचना आणि ध्वनितंत्र दोन्ही शिकवणारं कॉलेज जर्मनीत कुठलं, असं त्याच्या घरच्यांनी विचारलंय. उत्तर इथेच देतो. तालुक्यात असे आणखीही असतील.

संगीत आणि ध्वनितंत्र दोन्ही सांभाळणाऱ्या माणसाला इथे जर्मनीत टोनमास्टर म्हणतात. एरिख टीनहाउस यांनी 1949 मध्ये डेटमोल्डला त्याचं रीतसर शिक्षण सुरू केलं. काचेपलीकडे वादक वाजवताहेत, अलीकडे टोनमास्टर स्वरलिपी उघडून बसलाय. दुसऱ्या व्हायोलिनचा एक स्वर किंचित चढा लागला, हे त्याला तिथल्या तिथे कळलं पाहिजे; माइक कुठे सरकवायचा हेही. आपल्याकडे साउंडवाला आणि संगीतवाला वेगळे. इथे आधी संगीतकार, मग तंत्रज्ञ.

डसेलडॉर्फमध्ये ‘टोन उंड बिल्ड’ नावाचा अभ्यासक्रम आहे. संगीत रोबेर्ट शूमान संगीत महाविद्यालयाकडे, तर गणित, भौतिकी, इलेक्ट्रॉनिक्स शहरातल्याच उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठाकडे. आठ सहामाह्या, आणि पदवी चक्क इंजिनीअरची. पण प्रवेश मार्कांवर मिळत नाही. वाद्य वाजवून दाखवायचं, पियानो यायला हवा, ऐकलेली चाल पाच रेघांच्या स्वरलिपीत उतरवायची. सगळा पाया पाश्चात्य शास्त्रीय संगीताचा; नुसत्या पखवाजावर निभाव लागणं अवघड. शिवाय इथे भर ध्वनिमुद्रणावर. स्वतःच्या चाली बांधायच्या असतील तर रचनेचा अभ्यासक्रम वेगळा, त्याची परीक्षाही वेगळी.

स्वरलिपीचं एवढं स्तोम कशाला, असं वाटेल. करमाळ्याच्या परिसरात चित्रित झालेला ‘सैराट’ (2016) आठवा. अजय-अतुल यांनी त्याचं संगीत लॉस एंजेलिसला मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. मराठीचा गंध नसलेले ते वादक समोरच्या कागदावरची स्वरलिपी वाचून वाजवत होते.

आता पैशाचं. इथल्या सरकारी संस्थेत शिक्षणशुल्क नाही. सहामाहीला काही शे युरोंची वर्गणी असते, तिच्यात रेल्वे-बसचा पासही येतो. म्हणून फुकट समजू नका. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, आधीच बँकेत अडकवून ठेवावे लागतात. दरमहा ठरावीक रक्कम सुटते. काही खासगी शाळा परीक्षेचा जाच करत नाहीत, पण फी दणकून घेतात. माझं मत विचाराल तर त्या पैशात चेन्नई बरी. ए. आर. रेहमान यांच्या तिथल्या, 2008 मध्ये सुरू झालेल्या के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरीत रचना आणि ध्वनितंत्र दोन्ही एकाच छपराखाली आहेत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा ध्वनीचा अभ्यासक्रम उत्तमच, मात्र तो पदवीनंतरचा.

लॅपटॉप कुठला घ्यावा, हेही विचारलंय. सध्या घेऊच नका. ते पैसे पियानोच्या शिकवणीला आणि पुण्यात माक्स म्युलर भवनातल्या जर्मनच्या वर्गाला लावा; इथे शिकवतात ते जर्मनमधूनच.