सिनेमा बघण्याचाही अभ्यास असतो : एका विद्यार्थिनीच्या वहीतले ‘गर्म हवा’ आणि ‘तमस’

“सिनेमे बघायचे आणि वर त्याची फी भरायची? हे कसलं शिक्षण?” मुलगा किंवा मुलगी चित्रपट शिकायचा म्हणाली की आपल्या घरांत पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न चुकीचा नाही. कमावणारा एक आणि शिकणारे तीन असतील तर प्रत्येक वर्षाचा हिशोब करावाच लागतो. त्यात काही घरांत सिनेमा मुळातच चांगला मानत नाहीत. त्यावर बोलणं उलेमांचं काम, आमचा तो अधिकार नाही. या वर्गात नेमकं होतं काय, एवढंच आम्ही इथे सांगणार आहोत.

निमित्त आहे एका वहीचं. आमची एक माजी विद्यार्थिनी पुण्यात चित्रपटाचं शिक्षण घेते. वर्गात जो चित्रपट किंवा मालिका दाखवली जाते, तिच्यावर प्रत्येकाने दोन पानं लिहायची असा तिथला शिरस्ता आहे. ईदला घरी आली तेव्हा तिने ती वही आमच्यापुढे ठेवली. अर्धी मराठीत, अर्धी उर्दूत. आम्ही ती वाचली आणि मग त्यातले चित्रपट एकेक करून पुन्हा बघितले.

वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, चित्रपट दोनदा बघायचा. पहिल्यांदा गोष्टीसाठी, आपण सगळे बघतो तसा. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. कॅमेरा कुठे ठेवलाय? माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, की वरून खाली बघतोय? बोलतंय कोण आणि दिसतंय कोण? आवाज कुठून येतोय? एक शॉट किती वेळ टिकतो? शॉट म्हणजे कॅमेरा सुरू झाल्यापासून तोडेपर्यंतचा तुकडा. असे शेकडो तुकडे जोडून चित्रपट बनतो. ही जोडणी म्हणजेच संकलन, आणि अर्धा अर्थ तिथेच तयार होतो.

हे पटवण्यासाठी वर्गात एक जुना प्रयोग सांगतात. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्याला एकदा सुपाची वाटी जोडली, एकदा शवपेटीतलं मूल, एकदा एक स्त्री. बघणाऱ्यांना पहिल्यात भूक दिसली, दुसऱ्यात दुःख, तिसऱ्यात ओढ. चेहरा मात्र तिन्ही वेळा तोच होता. नटाने काहीच केलं नव्हतं, केलं ते जोडणीने.

मुलीने याखाली पेन्सिलीने लिहिलंय, “आणि बातम्यांत?” आम्ही या दोन शब्दांवर बराच वेळ थांबलो. जुम्याच्या नमाजला जमलेली गर्दी, टोप्या घातलेल्या पाठी, आणि त्यामागे ढमढम संगीत. गर्दी दर आठवड्याला असते तीच. संगीत आणि शेजारचा तुकडा बदलला की तीच गर्दी भीतीदायक होते. हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेलं असतं. आमच्या मते चित्रपटाच्या वर्गातून मुलं दुसरं काही नाही शिकली आणि एवढंच शिकली, तरी फी वाया गेली नाही.

आता पुण्याबद्दल थोडं. एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, 1960 मध्ये सुरू झाली ती प्रभात स्टुडिओच्या जागेत. प्रभात कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली होती. तिथेच व्ही. शांताराम यांनी 1941 मध्ये ‘शेजारी’ काढला, हिंदीत ‘पडोसी’. एक हिंदू आणि एक मुसलमान, दोघे जिवलग शेजारी. धरणाच्या कामासाठी गावाची जमीन हवी असलेला एक धनिक त्यांच्यात फूट पाडतो. मराठीत पाटील होते केशवराव दाते आणि मिर्झा होते गजानन जागीरदार. हिंदीत जागीरदारच मिर्झा राहिले, हिंदू शेजारी मात्र मजहर खान यांनी साकारला. हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू. पाकिस्तानचा ठराव होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मुलीने लिहिलंय की भांडण लावणारा बाहेरचा आणि गावकरी भोळे, ही मांडणी तिला सोपी वाटली. आम्हालाही थोडी वाटली. पण 1941 मध्ये तसं म्हणायलासुद्धा हिंमत लागत असणार.

वहीत सगळ्यात जास्त पानं आहेत ‘गर्म हवा’वर. एम. एस. सथ्यू यांचा हा 1973 सालचा चित्रपट. कथा इस्मत चुगताई यांची, पटकथा कैफी आझमी आणि शमा जैदी यांची. आग्र्यातले बूट बनवणारे सलीम मिर्झा फाळणीनंतर हिंदुस्थानातच राहायचं ठरवतात. ही भूमिका बलराज साहनींची. एप्रिल 1973 मध्ये ते वारले, चित्रपट प्रदर्शित झालेला त्यांना बघायला मिळाला नाही. सेन्सॉरने तो बराच काळ अडवून ठेवला होता, दंगे होतील म्हणून. पुढे त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेवरच्या सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

वर्गातल्या बाकीच्या मुलांनी हा चित्रपट सबटायटल वाचत बघितला. आपल्या मुलीला ती गरज नव्हती, घरची भाषाच ती. उलट हवेली रिकामी करायची वेळ का आली, हे तिनेच इतरांना समजावलं. हवेली कागदावर थोरल्या भावाच्या नावावर असते. भाऊ पाकिस्तानात निघून जातो आणि मागे राहिलेलं घर निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारजमा होतं. राहणारा इथेच आहे, पण नाव गेलेल्याचं. वारस नोंद, सातबारा, हिस्से यांत अडकलेली किती घरं आपल्या ओळखीची आहेत! त्यामुळे हा भाग आपल्याला भाषांतराशिवाय कळतो.

पण वर्गाचं काम त्यापुढचं. सलीम मिर्झा भाड्याने घर शोधत फिरतात त्या प्रसंगावर तिने लिहिलंय की नकार देणारी माणसं नीट दिसतच नाहीत. त्यांचा आवाज येतो आणि समोर दिसतो तो मिर्झांचा चेहरा. दिग्दर्शकाने असं का केलं? घरमालकाचा चेहरा दाखवला असता तर आपण त्या एका माणसावर रागावलो असतो, तोच खलनायक झाला असता. चेहराच नाही म्हटल्यावर नकार सगळीकडून आल्यासारखा वाटतो. शिवाय कॅमेरा घरमालकाच्या जागी उभा आहे, म्हणजे बघणारा प्रेक्षकही त्याच जागी. “मी इथे मिर्झांकडची, पण मला उभं केलंय दारात,” असं तिने लिहिलंय. मोठ्या शहरात नाव सांगितल्यावर फ्लॅट मिळत नाही हे ऐकून माहीत असलेल्या मुलीला हा शॉट शिकवावा लागत नाही. पण तो बनवला कसा, हे शिकावंच लागतं.

दुसरा प्रसंग दादीचा. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा म्हातारी लाकडं ठेवायच्या कोठडीत लपून बसते. तिला उचलून बाहेर काढतात. पुढे तिचा जीव जाता जात नाही, तेव्हा शेवटचं म्हणून तिला पालखीत घालून त्याच हवेलीत नेतात. पडद्यावर मरणाच्या वाटेवरची म्हातारी दिसते आणि कानावर पडतात ती नवरी घरात आली तेव्हाची लगबग, लग्नघरातले आवाज. चित्र आजचं, आवाज साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा. एकही संवाद न लिहिता सगळं आयुष्य सांगून झालं. दादीच्या भूमिकेत होत्या बदर बेगम, आणि त्यांना आवाज दिला होता दीना पाठक यांनी. मुलीला हे वर्गात कळलं तेव्हा तिने तो भाग डोळे मिटून नुसता ऐकला म्हणे.

मुलीच्या मृत्यूनंतरही सलीम मिर्झा टाहो फोडत नाहीत. हल्लीच्या मालिकांची सवय असलेल्या डोळ्यांना ते कोरडं वाटेल. तिथे एका थप्पडीला तीन वेळा चेहरे दाखवतात, तेही विजेच्या आवाजासकट!

बलराज साहनींचे धाकटे भाऊ भीष्म साहनी, आणि त्यांच्या कादंबरीवरची मालिका म्हणजे ‘तमस’. या कादंबरीची नाळ महाराष्ट्राशी जोडलेली आहे. 1970 मध्ये भिवंडीत दंगल झाली. दोघे भाऊ तिथे गेले होते. तिथली जळकी घरं बघून भीष्मजींना 1947 चं रावळपिंडी आठवलं आणि ते लिहायला बसले. भिवंडीचं नाव निघालं की यंत्रमाग आणि दंगल एवढंच आठवणाऱ्यांनी ही तिसरी गोष्टही लक्षात ठेवावी.

गोविंद निहलानी यांची ही मालिका जानेवारी 1988 मध्ये दूरदर्शनवर आली. सुरुवातच कठीण. नत्थू नावाच्या गरीब माणसाकडून, कशासाठी ते न सांगता, डुक्कर मारून घेतात. पुढे ते मशिदीच्या पायरीवर सापडतं. नत्थू झालेले ओम पुरी, तेही एफटीआयआयचेच. मालिका थांबवावी म्हणून मुंबईतले एक मुस्लिम गृहस्थ कोर्टात गेले. यामुळे पुन्हा तेढ वाढेल, असं त्यांचं म्हणणं होतं. सुरुवातीला स्थगिती मिळालीही. मग मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी सगळी मालिका स्वतः बसून बघितली आणि स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही मालिकेच्याच बाजूने निकाल लागला. कोर्टाने कसोटी लावली ती समंजस, खंबीर मनाच्या माणसाची. एखाद्या प्रसंगावरून चटकन भडकणाऱ्याची नव्हे. ही कसोटी मुळात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांची, 1947 च्या नागपूर उच्च न्यायालयाच्या निकालातली.

आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते न्यायमूर्तींनी आधी बघितलं हे. आज दोन मिनिटांचा ट्रेलर मोहल्ल्याच्या ग्रुपवर येतो आणि तासाभरात निषेधाचं निवेदन तयार होतं. कधी कधी निषेध रास्तही असतो. मुद्दाम विष पेरणारे चित्रपट येतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कुठल्या शॉटमध्ये, कुठल्या जोडणीत ते विष आहे हे बोट ठेवून दाखवता आलं तर निवेदनाला वजन येतं. नुसतं “भावना दुखावल्या” म्हटलं की समोरचा हसून बाजूला ठेवतो.

‘तमस’मध्ये राजो नावाची एक मुसलमान बाई आहे, सुरेखा सिक्री यांनी केलेली. जीव वाचवत आलेल्या शीख म्हाताऱ्या जोडप्याला ती घरात घेते. तिच्या घरचे पुरुष एक ट्रंक लुटून घेऊन येतात, आणि ती निघते याच म्हाताऱ्यांची. म्हातारा कुलूप तोडू नका म्हणत किल्ली पुढे करतो. तो म्हातारा हरनामसिंग म्हणजे खुद्द भीष्म साहनी आणि त्याची बायको बंतो म्हणजे दीना पाठक. ‘गर्म हवा’त हवेली सोडणाऱ्या मुसलमान दादीचा आवाज ज्यांचा, त्याच इथे घर गमावलेली शीख म्हातारी झाल्या. ही जोडणी कुणा संकलकाने केलेली नाही, पण मुलीने वहीत दोन्ही नावांमध्ये एक रेघ ओढली आहे.

तिसरी रेघ ‘नसीम’कडे जाते. सईद मिर्झा यांचा 1995 चा चित्रपट, तेही पुण्याचेच विद्यार्थी. 1992 ची मुंबई, एक शाळकरी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा. आजोबा झालेत कैफी आझमी. बाहेरची बातमी घरात टीव्हीवरून येते आणि आजोबा नातीला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगतात. 6 डिसेंबरला ते जातात. यावर तिने अर्धंच पान लिहिलंय. शिक्षकांनी शेरा मारलाय, “पूर्ण करा.”

पुढच्या सत्राचा गृहपाठ तीन मिनिटांच्या फिल्मचा आहे. घरातल्या एका वयस्कर माणसावर, चेहरा न दाखवता. तिने नानीचे हात निवडलेत. नानी दुपारी गोधडी शिवतात तेव्हा खिडकीतून उजेड बरा येतो. अब्बांची हरकत नाही, फक्त आधी नानीला नीट विचारून घे, असं ते म्हणाले. नानी म्हणाल्या, “हात कशाला, गोधडीच दाखव की. ती बरी झालीय यंदा.”