मज्जासंस्थेची उजळणी (लेखांक ६) : मण्यारीचा दंश आणि जागा मेंदू

कुंकवासाठी ओळखल्या जाणाऱ्या केमसारख्या करमाळा तालुक्यातील गावांत शेतवस्तीवर जमिनीवरच अंथरूण टाकले जाते, आणि मण्यार हा रात्री फिरणारा साप झोपेतल्या माणसाला नेमका अशाच ठिकाणी चावतो. दंशाच्या जागी सूज वा वेदना जवळजवळ नसते, दातांच्या खुणाही कित्येकदा सापडत नाहीत. त्यामुळे पहाटे पोटात कळ आली म्हणून उठलेला रुग्ण साप चावल्याचे सांगत नाही, कारण ते त्याला ठाऊकच नसते.

मज्जाविकाराच्या निदानात ‘बिघाड कोठे आहे’ हा प्रश्न ‘कशाने झाला’ याच्या आधी येतो. येथे प्रथम पापण्या झुकतात, मग एकाचे दोन दिसू लागतात, गिळता येईनासे होते, मान पेलत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात; म्हणजे लुळेपणा वरून खाली उतरतो, परंतु स्पर्शज्ञान आणि शुद्ध शाबूत असते. गियाँ-बारे विकारात तो बहुधा पायांकडून वर चढतो व गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया लवकर मावळते. त्यामुळे येथील दोष मेंदूत किंवा मज्जारज्जूत नसून मज्जातंतू आणि स्नायू जेथे भेटतात त्या संधीवर आहे, असे ठरते.

या संधीवर मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटते आणि स्नायूवरील ग्राहकाला चिकटून आकुंचन घडवते. नागाचे विष ग्राहक अडवते, म्हणून ॲसिटिलकोलीनचा साठा वाढवणाऱ्या निओस्टिग्मिनने, ॲट्रोपिनच्या सोबतीने दिल्यास, पापणी उचलली जाऊ शकते. मण्यारीचे मुख्य विष मात्र तंतूचे टोकच निकामी करते. तेथे सोडायला रसायनच उरत नसल्याने निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग होत नाही आणि टोक पुन्हा उगवेपर्यंत दिवस, कधी आठवडे जातात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवरचे प्रतिविष रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते, मोडलेले टोक सांधत नाही. म्हणून ते लवकर देण्याला इतके मोल आहे.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील असो वा अन्य कोठला, प्रत्येक विद्यार्थ्याने सर्वांत जपून लक्षात ठेवावी अशी गोष्ट याच्या पुढची आहे. पूर्ण लुळ्या पडलेल्या रुग्णाच्या बाहुल्या विस्फारून प्रकाशाला प्रतिसाद देईनाशा होऊ शकतात, डोळे हलत नाहीत, श्वास थांबतो, आणि वरवर पाहता सारे चित्र मस्तिष्क-मृत्यूचे दिसते. तथापि आतला मेंदू जागा असतो आणि खाटेशेजारचे बोलणे ऐकत असतो. म्हणूनच मस्तिष्क-मृत्यूची चाचणी करण्यापूर्वी अशी उलटवता येणारी कारणे वगळणे बंधनकारक आहे. कृत्रिम श्वास अखंड चालू राहिला, वाटेत रुग्णवाहिकेत हाताने दाबायच्या पिशवीने का होईना, तर बहुतेक वेळा तोच रुग्ण काही दिवसांनी प्रथम बोट हलवतो आणि मग पापणी उघडतो.