चिप तीच, म्हणून फर्मवेअरही तेच?

नेटवर्क कार्डाचे फर्मवेअर म्हणजे कार्डावरील फ्लॅश मेमरीत साठवलेला आणि वीज मिळताच चिप चालवायला घेते तो प्रोग्रॅम. तो अद्ययावत करण्याचा विषय निघाला की सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक विधान हमखास ऐकू येते. डेल, एचपीई किंवा लेनोवो यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कार्डावर चिप मूळ उत्पादकाचीच असते, तेव्हा फर्मवेअरही थेट त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे, असे ते विधान. त्याचा पूर्वार्ध खरा आहे आणि उत्तरार्ध केवळ पूर्वार्धाच्या जोरावर खपतो.

2020 पासून एन्व्हिडियाच्या मालकीच्या असलेल्या मेलानॉक्सची कनेक्टएक्स कार्डे पाहिली, तर यातली गफलत कळते. या कार्डांच्या फर्मवेअर फाइलमध्ये त्या चिपच्या सर्व कार्डांना समान असलेला कोड आणि एका विशिष्ट कार्डापुरती मांडणी, अशा दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. पोर्ट किती व कोणत्या जातीचे, चिप आणि पोर्ट यांच्यामधील विद्युत संकेतांची जुळणी कशी ठेवायची, कोणता दिवा कशासाठी लागायचा, सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रकाशी कार्डाने कसा संपर्क ठेवायचा, हे सारे त्या मांडणीत येते. प्रत्येक मांडणीला पीएसआयडी नावाची ओळखखूण असते. मेलानॉक्सच्या स्वतःच्या कार्डांवर ती ‘एमटी’ या अक्षरांनी, डेलच्या कार्डांवर ‘डीईएल’ने, तर लेनोवोच्या कार्डांवर ‘एलएनव्ही’ने सुरू होते. ‘एमएसटीफ्लिंट’ या साधनाने कार्डाची चौकशी केली की आवृत्तीच्या क्रमांकाबरोबर ही खूणही पडद्यावर येते, आणि फाइलमधील खूण कार्डावरील खुणेशी जुळली नाही, तर साधन ती फाइल लिहिण्यास नकार देते. नकार डावलण्याचा पर्याय त्याच साधनात आहे हे खरे. परंतु त्याच्या अधिकृत वर्णनातच, खूण बदलल्यास कार्ड बिघडू शकते असा इशारा दिलेला आहे. पर्याय सर्वांना तोंडपाठ आणि इशारा कोणाच्याच ध्यानात नाही, ही स्थिती चीड आणणारी आहे.

‘पण चालते की!’ हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. पुष्कळदा चालतेही, कारण काही कार्डे मूळ उत्पादकाच्या एखाद्या कार्डाशी जवळजवळ हुबेहूब असतात. मात्र पोर्टवरचा दिवा लागला आणि पिंग पोहोचला एवढ्याने मांडणी जुळल्याचे सिद्ध होत नाही. डेलच्या पॉवरएज सर्व्हरांमध्ये त्रयस्थ पीसीआय कार्ड आढळल्यास पंख्यांचा वेग वाढवण्याची तरतूद आहे. ओळख बदललेले कार्ड तिच्या कक्षेत आले, तर पंख्यांच्या गोंगाटाचा संबंध फर्मवेअरशी जोडणे कोणाला सहज सुचत नाही. म्हणून खूण आधी पाहावी, फाइल ज्याच्या नावाचे कार्ड त्याच्याकडूनच घ्यावी, आणि जुने फर्मवेअर त्याच साधनाने वाचून फाइलमध्ये जपून ठेवावे.

इंटेलच्या चिपबाबत याच गैरसमजाची उलटी बाजू दिसते. इंटेलचे साधन इतरांच्या नावाच्या कार्डासमोर ‘अपडेट उपलब्ध नाही’ असे दाखवते, आणि त्यावरून फर्मवेअर ताजेच आहे असा निष्कर्ष काढला जातो; वस्तुतः त्या कार्डासाठी त्या साधनाकडे काही नाही एवढाच त्याचा अर्थ असतो.

अद्ययावत केल्याने मॅक पत्ता पुसला जातो, हेही खरे नाही. कनेक्टएक्समध्ये तो वेगळ्या विभागात असतो आणि नेहमीच्या पद्धतीने लिहिताना तसाच राहतो. लेखन मध्येच थांबले की कार्ड कायमचे गेले, ही भीतीही अवास्तव आहे, कारण नेहमीच्या सुरक्षित पद्धतीत नवी प्रत फ्लॅशच्या दुसऱ्या भागात लिहिली जाते आणि ती पूर्ण होईपर्यंत जुनी शाबूत असते. ड्रायव्हर बदलला म्हणजे फर्मवेअरही बदलले असे समजणारे दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत करतात: ड्रायव्हर संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चालतो, फर्मवेअर कार्डावर. आणि लेखन यशस्वी झाल्याचा संदेश आला, तरी कार्ड रीसेट होईपर्यंत किंवा सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत जुनेच फर्मवेअर चालू असते.