साखळीची कडी तुटली तर?

सहलीचं बुकिंग करताना आपण बटण एकदाच दाबतो. पण पडद्यामागे विमान कंपनी, हॉटेल आणि बँक अशा तीन प्रणालींना एकापाठोपाठ हाक जाते. एकमेकींची भाषा न कळणाऱ्या या प्रणालींमध्ये ‘एंटरप्राइज सर्व्हिस बस’ दुभाष्याचं काम करते. पहिलीचं उत्तर दुसरीला समजेल अशा रूपात बदलून ती पुढे धाडते. पण तिकीट निघालं आणि खोलीच मिळाली नाही तर? म्हणून प्रत्येक पावलासोबत ते रद्द करणारं पाऊलही आधीच लिहून ठेवतात. डेटाबेससाठी ही युक्ती १९८७ मध्ये हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी ‘सागा’ या नावाने मांडली. पुढे जाण्याइतकीच माघारीची वाटही नीट आखलेली असली, तरच ग्राहकाचे पैसे सुरक्षित राहतात.