रानांतला नायक आणि लेखकाची लेखणी

मुलाच्या हातीं चित्रकथेचें पुस्तक दिसलें, कीं वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. नायक क्षुद्र, म्हणून वाङ्मयही क्षुद्र, असा त्यांचा तर्क असतो. तो आम्हांस पटत नाहीं. 'का-झार' या अमेरिकन चित्रकथेंतील नायकाचेंच उदाहरण घ्या.

१९६५ सालीं स्टॅन ली व जॅक कर्बी यांनीं त्यास नव्यानें पुढें आणलें. इंग्रज उमरावाचा हा पोरका पुत्र अंटार्क्टिकांतील एका गुप्त, उष्ण अरण्यांत झाबू नामक खड्गदंती वाघाच्या सोबतीनें वाढलेला. टारझनची ही छाया उघड होती.

१९८१ सालीं त्याची कथा ब्रूस जोन्स लिहूं लागले. चित्रें ब्रेंट अँडरसन यांचीं. अरण्य तेंच, वाघ तोच. पण जोन्स यांनीं नायकास मन दिलें. त्यास त्याच त्या रानाचा कंटाळा येतो. तो विचार करतो, थट्टा करतो. सहचरी शॅना त्याचा शब्द खालीं पडूं देत नाहीं. त्यांच्या रुसव्याफुगव्यांत वाचक मारामारीपेक्षां अधिक रमतो. ही मालिका १९८४ पर्यंत, ३४ अंक चालली.

महाभारतांतील शकुंतलेच्या आख्यानांत दुर्वासाचा शाप नाहीं. तो 'शाकुंतला'मुळें सर्वतोमुखीं झाला आणि दुष्यंताच्या विस्मरणास करुणेची किनार लाभली. आम्ही येथें बरोबरी करीत नाहीं. न्याय मात्र एकच. कथावस्तु जुनी चालते, तींतील माणूस जिवंत हवा. तेव्हां पुस्तक हिसकावण्यापूर्वीं वडिलांनीं त्याचीं चार पानें स्वतः वाचावीं, इतकीच आमची विनंती.